फोर्ड आडनावाचं आयरिश मूळ: आधी वाडी सापडू द्या, अर्थ नंतर

बोस्टनमध्ये राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे, नऊ पिढ्या सलग लागतात. सासरी मात्र नवऱ्याच्या पणजोबांपाशी गाडी अडते. मायकल फोर्ड, 1884 च्या सुमारास आयर्लंडहून आले, बोस्टनमध्येच वारले, बायको डेलिया. घरात सांगतात की कुटुंब कॉर्कचं, मूळ आडनाव निराळंच होतं आणि न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या ठाण्यावरच्या कारकुनानं ते बदलून फोर्ड केलं. मुलांसाठी वंशावळ पुरी करायची आहे. फोर्ड मूळचे कुठले, आणि शोध कुठून सुरू करावा?

ताई, आडनावाचं आधी सांगतो. ते ऐकलंत की पुढची यातायात कशासाठी ते कळेल.

आयर्लंडमध्ये फोर्ड आडनावाची निदान चार घराणी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. गॉलवे काउंटीकडचे (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) फोर्ड मूळचे ‘मॅक गिला ना नीव्ह’, म्हणजे संतांच्या सेवकाचा मुलगा. बोलता बोलता या नावाचं शेपूट झिजलं आणि ऐकणाऱ्याला त्यात नदीच्या उताराचा, म्हणजे पायी ओलांडायच्या जागेचा, गेलिक (आयर्लंडच्या जुन्या भाषेतला) शब्द ऐकू आला. उताराला इंग्रजीत फोर्ड, म्हणून हे झाले फोर्ड. लीट्रिमकडचे फोर्ड मूळचे ‘मॅक कनावा’. त्या नावात पोहण्याचा शब्द आहे. पोहणं म्हणजे पाणी ओलांडणं आणि पाणी ओलांडायची जागा म्हणजे फोर्ड, असा कुणीतरी द्राविडी प्राणायाम केला. कॉर्कमधले काही फोर्ड हे ‘ओ फूरहान’. आणि चौथे सरळ इंग्लंडहून आलेले. मोटारवाल्या हेन्री फोर्डचे वडील विल्यम 1847 मध्ये कॉर्कमधल्या बॅलिनास्कार्थीजवळून अमेरिकेला गेले. ते घराणं इंग्लंडहून येऊन वसलेलं, प्रॉटेस्टंट.

तुमचे फोर्ड यांतले कुठले, हे आडनावाकडे बघून सांगता येणार नाही. मलाच काय, कुणालाच नाही. ते फक्त जागेवरून ठरतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी अर्थाचा प्रश्न खिशात ठेवायला सांगतो.

आपल्याला हे जड जातं, कारण आपली सवय उलटी आहे. पेडणेकर म्हटलं की पेडणं, सातारकर म्हटलं की सातारा. आडनावातच गावाची पाटी. गेलिक आडनावात गाव नसतं, पूर्वज असतो. ‘मॅक’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. पद्धत फार जुनी आहे. गॉलवेच्या दक्षिणेकडचा एक सरदार, ओ क्लेरी घराण्याचा, 916 मध्ये वारल्याची नोंद आहे आणि युरोपातल्या सर्वांत जुन्या वंशपरंपरागत आडनावांत ते गणलं जातं. मुलींचं आडनाव गेलिकमध्ये वेगळं रूप घेतं, ‘ओ’च्या जागी ‘नी’ आणि ‘मॅक’च्या जागी ‘निक’. पुढे इंग्रजी अमलात हे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गेलिक भाषेची चळवळ जोरात आल्यावर पुष्कळांनी ‘ओ’ परत लावला. त्यामुळे कॉनर आणि ओकॉनर हे सख्खे भाऊ असू शकतात. फोर्डच्या शेवटी इंग्रजी ‘ई’ आहे की नाही यावर तर एक मिनिटही घालवू नका. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन्ही रूपं मिळतात.

नावं इंग्रजी होण्यामागे कायदाही होता. 1465 मध्ये डब्लिन आणि आसपासच्या इंग्रजी अमलातल्या आयरिश लोकांना फर्मान निघालं की इंग्रजी आडनाव घ्या: एखाद्या शहराचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं. पण खेड्यापाड्यांतलं बहुतेक काम पुढच्या शतकांत जमीनदाराच्या कारभाऱ्यानं, पाद्र्यानं आणि कारकुनानं कानाला आलं तसं केलं. लोहाराचा मुलगा ‘मॅक गवन’ कॅव्हनमध्ये स्मिथ झाला, सुताराचा मुलगा ‘मॅक अन तीर’ कुठे कार्पेंटर तर कुठे फ्रीमन.

म्हणजे घरातली ती आठवण, की आडनाव मूळचं निराळं होतं, खरी असू शकते. खोटा आहे तो कारकून. एलिस आयलंडचं ठाणं उघडलं 1 जानेवारी 1892 रोजी. तुमचे मायकल 1884 मध्ये आले तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं. न्यूयॉर्कला उतरले असते तर त्याआधीच्या कॅसल गार्डन ठाण्यावर उतरले असते, आणि राहिले बोस्टनला म्हणजे बहुधा बोस्टनच्याच बंदरात उतरले. शिवाय एलिस आयलंडचे कारकून नावं लिहीत नसत. जहाजावरून आलेली यादी पुढ्यात ठेवून ते खुणा करत. यादी भरली जायची जहाज निघतानाच. तेव्हा नाव बदललं असेल तर ते गॉलवेत, लीट्रिममध्ये, कॉर्कमध्ये, मायकलच्या जन्माआधी कधीतरी.

‘कॉर्कचे’ हेही असंच जपून घ्या. क्वीन्सटाउन, म्हणजे आजचं कोव्ह, हे बंदर कॉर्कमध्ये. अमेरिकेच्या बोटी तिथे लागत आणि अर्धा आयर्लंड तिथून चढे. नातवंडांच्या आठवणीत उरतं ते बोटीचं शेवटचं ठिकाण. मी पाहिलेल्या ‘कॉर्कच्या’ कुटुंबांतली बरीचशी नंतर दुसऱ्याच काउंटीची निघाली.

घाई केली की काय होतं, त्याचा नमुना एलिस आयलंडनंच देऊन ठेवला आहे. तिथे उतरलेली पहिली व्यक्ती म्हणजे कॉर्कची ॲनी मूर. दोन धाकट्या भावांना घेऊन ‘नेव्हाडा’ बोटीनं आलेली. उतरताच तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं. वर्तमानपत्रांनी वय पंधरा छापलं, होती सतरा. पुढे कित्येक वर्षं सगळे सांगत राहिले की ती टेक्सासला गेली आणि तिकडे ट्रामखाली सापडून वारली. 2006 मध्ये मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-संशोधिकेनं कागद तपासले, तर टेक्सासची ॲनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली! खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. 1924 मध्ये तिथेच वारली आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत बिनदगडाच्या थडग्यात होती. दोघींचं नाव एक, आणि पडताळा कुणी केला नाही, एवढंच.

आता तुमचं काम. आयर्लंडच्या वेबसाइटवर इतक्यात जाऊ नका. मायकल फोर्ड तिथे ढिगानं आहेत. तुम्हाला हवी आहे वाडी, आणि वाडीचं नाव बहुतेक वेळा अमेरिकेतच मिळतं.

तुमचं नशीब चांगलं, की मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूच्या राज्यभर नोंदी 1841 पासून आहेत. मायकल आणि डेलियाची लग्ननोंद आणि दोघांच्या मृत्युनोंदी काढा. त्यांत आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. जन्मस्थळाच्या रकान्यात नुसतं ‘आयर्लंड’ दिसेल, तयारी ठेवा. त्यानंतर चर्चमधली लग्ननोंद. सरकारी कारकुनाला कंटाळा आला तरी आयरिश पाद्री कधीकधी वधूवरांचा पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा गावांचा विभाग, लिहून ठेवत. थडग्याचा दगड स्वतः जाऊन बघा, कारण ‘अमुक पॅरिश, तमुक काउंटीचा रहिवासी’ असं कोरायची त्या पिढीला हौस होती. 1900 च्या अमेरिकन जनगणनेत जन्माचा महिना आणि अमेरिकेत आल्याचं वर्ष सापडेल. नागरिकत्वाचे कागद 1906 नंतरचे असतील तर सोन्याहून पिवळं, त्याआधीचे बरेचदा त्रोटक. मायकलचा एखादा धाकटा भाऊ किंवा पुतण्या 1907 नंतर आला असेल तर त्याच्या बोटीच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव आणि पत्ता मिळेल. मायकलच्या कागदात नसलेली वाडी अशी पुतण्याच्या कागदात सापडते. म्हणून मी एकट्या माणसाला कधी शोधत नाही. भावंडं, साडू, लग्नाचे साक्षीदार, घरातले भाडेकरू, सगळ्यांची यादी करतो. एका वाडीचे लोक बोस्टनला येऊनही एकाच गल्लीत राहत, गिरगावातल्या चाळींत कोकणातली एकेक गावं राहत तशीच.

आणखी एक खास बोस्टनचं: ‘द पायलट’ या कॅथलिक वर्तमानपत्रात 1831 ते 1921 या काळात हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत. भाऊ कुठल्या पॅरिशचा, कधी निघाला, शेवटचा कुठे दिसला, सगळं त्यात. त्या आता शोधता येतात.

समजा वाडी मिळाली. तिथल्या भाषेत टाउनलँड. नावात टाउन असलं तरी शहराशी संबंध नाही. ही आपल्या वाडी-पाड्यासारखी जमिनीची सर्वांत लहान हद्द, आणि देशात अशा साठ हजारांहून जास्त आहेत. अनेक टाउनलँड मिळून सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी, त्यावर काउंटी. कॅथलिक पॅरिशच्या हद्दी पुन्हा निराळ्या, हे विसरलात तर चुकीच्या चर्चच्या वह्या चाळत बसाल. बोस्टनच्या कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं नाव असेल तर आयर्लंडच्या सरकारी स्थळनाम डेटाबेसमध्ये मोठ्यानं उच्चारत उच्चारत शोधा. ‘बॅली’, ‘नॉक’, ‘किल’ हे नुसते उपसर्ग, त्यांवर भिस्त नको. ‘किल’ म्हणजे चर्चही असतं आणि रानही.

आयर्लंडची कागदपत्रं सगळी जळाली, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. अर्धं खरं आहे. 30 जून 1922 रोजी यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तरखानं स्फोटात आणि आगीत गेलं. 1821 ते 1851 च्या जनगणना, मृत्युपत्रं, प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त वह्या राख झाल्या. 1861 ते 1891 च्या जनगणनांना मात्र आगीची गरज पडली नाही. त्या सरकारनंच नष्ट केल्या, शेवटच्या दोन तर पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून. पण कॅथलिक वह्या त्या इमारतीत नव्हत्याच, गावोगावच्या पाद्र्यांकडे होत्या. जन्ममृत्यूचं दप्तरही दुसरीकडे होतं. गरीब कॅथलिक शेतकऱ्याचे कागद वाचले आणि जमीनदाराचे जळाले, असं क्वचित घडतं.

जन्म-मृत्यूची सक्तीची नोंद सगळ्यांसाठी सुरू झाली 1 जानेवारी 1864 पासून (कॅथलिकेतर लग्नांची 1845 पासून). शंभर वर्षांहून जुने जन्म ‘आयरिशजीनिऑलॉजी’ या सरकारी साइटवर फुकट, मूळ पानाच्या छायाचित्रासकट बघता येतात. मायकल 1884 मध्ये एकवीस-बावीसचे असतील तर त्यांचा जन्म 1864 च्या आधीचा, नोंद नाही. मग? त्यांची धाकटी भावंडं शोधायची. त्याच आईबापांचं 1866 किंवा 1870 चं मूल मिळालं की त्या नोंदीत वाडी, बापाचा धंदा आणि आईचं माहेरचं आडनाव एका ओळीत मिळतं. बाप्तिस्मा जन्मतारखेच्या आधीचा दिसला तर दचकू नका. उशिरा नोंदवलं की दंड होई, म्हणून लोक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्म्याची तारीख खरी धरायची.

मायकलचा स्वतःचा बाप्तिस्मा कॅथलिक वहीत शोधा. नॅशनल लायब्ररीनं 2015 मध्ये या वह्यांची छायाचित्रं फुकट खुली केली, साधारण 1880 पर्यंतची. पानं कळकट, शाई फिकी, आणि पुष्कळ ठिकाणी लॅटिन. एक ओळ कशी असते बघा: तारीख, मग ‘मायकल’, मग बाप ‘थोमास’, आई ‘होनोरा’ आणि लगेच तिचं माहेरचं आडनाव, शेवटी ‘स्प’ लिहून दोन नावं. हे दोघे बाप्तिस्म्याचे धर्मपिता-धर्ममाता, बहुधा काका-मावशी. त्यांची नावं उतरवून घ्याच. होनोरा घरात नोरा किंवा हॅना असते. तुमची डेलिया वहीत ब्रिजिडा म्हणून सापडेल, कारण डेलिया हे ब्रिजेटचंच लाडकं रूप. जेकोबस म्हणजे जेम्स. आणि जेरेमाया, कॉर्निलियस, टिमथी अशी नावं वाचून हे बायबलभक्त असतील असं समजू नका. मागे दिअरमिद, कॉनोर, टाइग हीच जुनी गेलिक नावं आहेत.

नावांचा क्रमही मदत करतो. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवत, त्यातलाच प्रकार. बोस्टनमध्ये जन्मलेला थोरला मुलगा थॉमस असेल, तर मायकलचे वडील थॉमस धरून शोधायला हरकत नाही. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

1901 आणि 1911 च्या जनगणना पूर्ण आहेत आणि फुकट. मायकल तिथे नसणार, पण त्यांचे म्हातारे आईवडील किंवा घर धरून राहिलेला भाऊ असेल. या फॉर्मवर माझा जीव आहे. फॉर्म ए कुटुंबप्रमुखानं स्वतः भरलेला, खाली त्याची सही किंवा नुसती फुली. वाचता येतं का, आयरिश बोलता येतं का, हेही विचारलेलं. सोबतच्या बी-वन फॉर्मवर घर: भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, खोल्या किती, पुढच्या बाजूला खिडक्या किती. पणजोबा कुठल्या घरातून निघाले ते डोळ्यांपुढे उभं राहतं. 1911 मध्ये विवाहित बाईसाठी आणखी तीन रकाने आहेत: लग्नाला वर्षं किती, मुलं झाली किती, हयात किती. ‘नऊ झाली, सात हयात’ आणि घरात दोनच दिसत असतील, तर उरलेली पाच बहुतेक परमुलखात. त्यांतला एक मायकल असू शकेल.

वयांवर मात्र विश्वास नको. 1901 मध्ये पंचावन्नची बाई 1911 मध्ये एकाहत्तरची होते! कारण 1909 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झालं. जन्मदाखला कुणाकडेच नव्हता, म्हणून अधिकारी 1841 आणि 1851 च्या जनगणनेत त्यांची नावं शोधून उतारे काढत. मूळ जनगणना जळाल्या, पण त्या पेन्शनच्या शोधांचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात उरले आहेत. मायकलची एखादी आत्या किंवा काका त्यांत सापडले तर 1845 पासूनच्या मोठ्या दुष्काळाच्या आधीचं घर हाती लागतं.

त्याही मागे जायचं तर जमीन. ग्रिफिथचं मूल्यांकन, 1847 ते 1864, म्हणजे आपल्या सातबाऱ्याचा चुलतभाऊ: वाडीवार, जमीन कसणारा कोण, मालक कोण, एकर किती. नकाशासकट. आपल्या ‘कूळ’ शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकाच रकान्यात भेटतात. त्यानंतरच्या सुधारणांच्या वह्या म्हणजे थेट फेरफार: जुनं नाव रंगीत शाईनं खोडून वर नवं, बाजूला वर्ष. थॉमस खोडून तिथे मायकलच्या भावाचं नाव आलं, की त्याच सुमारास थॉमस वारले किंवा जमीन सोडली असं धरा आणि मृत्युनोंद शोधा. ग्रिफिथच्या मागे 1823 ते 1837 ची चर्चच्या कराची टाइद पुस्तकं. त्यात फक्त नाव आणि जमीन. बहुतेक कॅथलिक कुळांची वाट इथेच संपते. तुमच्या माहेरासारख्या नऊ पिढ्या निघतील ही आशा सोडा. 1800 च्या आसपास पोचलात तर उत्तम.

आता माझीच फजिती सांगतो. एका कुटुंबासाठी मला बाप्तिस्मा सापडला: नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, वर्ष जुळलं. आठ महिने मी त्या घराच्या मागे गेलो, तीन पिढ्या उभ्या केल्या. मग सहज 1901 ची जनगणना उघडली तर तो माणूस तिथेच, त्याच वाडीत, बायकोमुलांसह. आमचा माणूस तेव्हा शिकागोत रेल्वेत कामाला होता. तेव्हापासून माणूस सापडला की मी आधी तो लहानपणी वारला का आणि मायदेशीच राहिला का, हे बघतो. नावाची जोडी शोधा, एकटं नाव नको. थॉमस फोर्ड पुष्कळ, पण थॉमस फोर्ड आणि त्यांची बायको होनोरा अमकी, ही जोडी एखाद्या पॅरिशमध्ये एकच असते.

डीएनए चाचणी करायची तर नवऱ्याची नको, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या फोर्डची करा, एक पिढी वाचते. चाचणी वाडी सांगत नाही, चुलत भावंडं सांगते. ती लीट्रिममध्ये निघाली तर दिशा कळते. मॉलमध्ये मिळणारं ‘फोर्ड घराण्याचं मानचिन्ह’ मुलांच्या खोलीत खुशाल लावा. पण मानचिन्ह व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही, आणि मायकलकडे ते असण्याची शक्यता शून्याच्या जवळ.

जाता जाता, भारतात ज्यांचा आयरिश पूर्वज लष्करात होता त्यांच्यासाठी: त्यांचा रस्ता वेगळा. 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्यूजिलिअर्सची दुसरी बटालियन झाली ती पूर्वीची बॉम्बे फ्यूजिलिअर्स. मुंबई इलाख्यातले असे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

ताई, तुम्ही आधी मायकल यांची मृत्युनोंद आणि बोस्टनमधली लग्ननोंद मागवा. कागद आले की बाकी सगळं बाजूला ठेवून त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव वाचा आणि मला कळवा. मॅकगवर्न किंवा मॅकमॉरो असेल तर लीट्रिमच्या वह्या उघडू. जॉइस असेल तर गॉलवेच्या. आणि मॅकार्थी किंवा ड्रिस्कॉल निघालं तर घरचे लोक कॉर्क म्हणत होते ते बरोबरच होतं.